पावलं पलीकडे जुळली होती

परदेशीपुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर नदीवर जो दगडी पूल आहे, त्याला सगळं इंदूर फौजी पूल म्हणतं. लढाईवर गेलेल्या सैनिकांचं ते स्मारक आहे. तसं कठड्यावर कोरलेलंही आहे, पण वाचायला कोणी थांबला तर मागून टेम्पोवाला हॉर्न देतो. पुलाचा विषय निघाला की लोक एक किस्सा हमखास सांगतात. उद्घाटनाच्या दिवशी म्हणे मंत्र्यांसमोर येताच माजी सैनिकांची परेड विस्कटली, म्हाताऱ्या फौजींना पाय जुळवता येईनात, आणि त्यांचा सुभेदार नुसता बघत राहिला. परवा आमच्या मंडळात एका तरुण वक्त्याने हा किस्सा इतका रंगवला की सभागृह खो खो हसलं. मीही होतो तिथे. पहिल्या रांगेत, अंगावर शाल घेऊन.

माझी ऐंशी उलटली आहे. तो किस्सा खोटा आहे हे सांगू शकेल असा आता मीच उरलो असेन. खरं तर तेव्हाही मीच होतो.

मानाजीराव शेळके हे त्या सुभेदारांचं नाव. त्यांचे पणजोबा संस्थानच्या पागेत, आजोबा पागेत, वडील पागेत. हेही घोड्यावर बसूनच फौजेत शिरले आणि पायी बर्मा बघून परत आले. मग संस्थान मध्यभारतात विलीन झालं, फौज मोडली आणि पन्नाशीच्या आतच सुभेदार घरी बसले. एका शाळेत मुलांना ड्रिल शिकवायचं काम तेवढं त्यांना मिळालं. मल्हारगंजात त्यांच्या समोरच्या घरात मी आणि माझी आई राहत होतो. मी बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून नुकताच लागलो होतो. कायम व्हायचं होतं.

घोडा गेला तरी सुभेदारांचा घोडा सुटला नव्हता. शाळेतून आले की ते सायकल ओट्याला टेकवत, गोणपाटाने तिला पुढून मागे चोळून काढत आणि मगच स्वतः पाणी पीत. मंगळवारी सायकलला सुट्टी. त्या दिवशी पायी. दसऱ्याला तिच्या हँडलला झेंडूची माळ. मी एकदा विचारलं, "काका, सायकलला घाम येतो का हो?"

"तिला नाही येत, मला येतो. पण तिची सवय कशाला मोडायची?"

काकू आतून म्हणाल्या, "वामन, त्यांना विचार, तिला हरभरे भिजत घालू का?"

त्यांचा आवाज मोठा नव्हता. ड्रिल मास्तर म्हणजे गरजणारा माणूस अशी माझी समजूत होती, ती त्यांनी रेशनच्या दुकानापाशी मोडली. साखर आली की आमच्या गल्लीत दंगल उसळायची. एका सकाळी सुभेदार पिशवी घेऊन आले, क्षणभर तो गोंधळ पाहत उभे राहिले, आणि पुढे घुसण्याऐवजी सगळ्यात मागे असलेल्या बाईजवळ गेले. "बाई, तुमच्या पुढे कोण?" तिने एकीकडे बोट दाखवलं. "मग त्यांच्या मागे उभ्या राहा. आणि भिया, तुमच्या पुढे कोण?" असं, बायांना बाई आणि बाप्यांना इंदुरी 'भिया', प्रत्येकाला विचारत ते दुकानाच्या फळीपर्यंत पोचले, तोवर मागे रांग लागलेली होती. मला म्हणाले, "रांग पुढून लावायला गेलं की मारामारी होते. ती मागून लागते." या सगळ्यात स्वतःचा नंबर धरायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही. रिकामी पिशवी घेऊन घरी गेले तेव्हा काकूंचा आवाज पार आमच्या घरात आला. "सगळ्या इंदूरला रांगेत उभं केलंत, साखर कुठाय?"

पुलाचं काम आमच्या खात्याकडे होतं. नदीला पूर आला की पलीकडच्या गिरण्यांत जाणाऱ्या कामगारांना मोठा वळसा पडायचा, म्हणून पूल. आणि त्याच सुमारास लढाईवर गेलेल्यांसाठी स्मारक करावं अशी मागणी होती. खात्यात कोणाला तरी सुचलं की पुलालाच स्मारक म्हणावं. माजी सैनिकांची मतं घ्यायला बैठक झाली तेव्हा कागद सांभाळायला मी होतो. बरेच जण चिडले होते. स्तंभ हवा, निदान तोफ तरी ठेवा. एक हवालदार उठून म्हणाला, "पुलावरून काय, कुंभारांची गाढवंसुद्धा जातील!"

सुभेदार खाली बसूनच म्हणाले, "जाऊ देत की. बर्मात आपलं सामान कोणी वाहिलं? खेचरांनीच ना? त्यांचंही होऊन जाईल स्मारक."

सगळे हसले आणि बैठक तिथेच संपली. बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "स्तंभ बांधला असता तर वर्षातून एकदा हार घातला असता, बाकी वर्षभर कबूतरं. यावरून रोज माणसं कामाला जातील. छान आहे."

पूल बांधला जात होता त्या दिवसांत शाळा सुटली की ते तिकडे यायचे. बाभळीखाली सायकल टेकवायची, गवंड्यांशी मालवीत गप्पा मारायच्या, कोणाची पोरगी कुठे दिली ते विचारायचं. कामात कधी नाक खुपसलं नाही. कमानीचा शेवटचा दगड बसला तेव्हा गवंड्यांनी गूळ वाटला, पहिला खडा त्यांच्या हातावर ठेवला.

उद्घाटन ठरलं. त्या काळी सरकार हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला असायचं; मंडळी परत जायच्या आत समारंभ उरकायचा होता. माजी सैनिकांची तुकडी सुभेदारांच्या हुकमाखाली पुलावरून जाणार आणि मंत्री मानवंदना घेणार असं ठरलं. आमचे इंजिनिअरसाहेब ग्वाल्हेरकडचे. ते म्हणाले, "मंच पुल के बीचोंबीच लगेगा. दोनों तरफ नदी, फोटो बढ़िया आएगा."

हे मी सुभेदारांना सांगितलं तेव्हा ते गोणपाट हातात घेऊन सायकलपाशी उकिडवे बसले होते. हात थांबला.

"मधोमध नको. पलीकडच्या टोकाला लावायला सांगा."

"का हो काका?"

"पुलावर पाय जुळवून चालत नाहीत. पूल आला की 'ब्रेक स्टेप'. ज्याचं त्याने आपापलं चालायचं. पलीकडे गेलं की परत पाय जुळवायचे. फौजेचा कायदाच आहे तसा. सगळ्यांचे बूट एकदम पडले तर पुलाला हादरा बसतो."

मी हसलो. "काका, हा दगडी पूल आहे. हत्ती नाचवा वर."

"मला माहीत आहे हो. पूल नाही पडणार." ते उठून उभे राहिले. "पण ज्यांच्या नावानं तुम्ही तो बांधलाय ना, ते जन्मात कधी पुलावर पाय जुळवून चालले नाहीत. दोरांचे पूल, फळ्यांचे पूल, सॅपरांनी रातोरात टाकलेले पूल. शेवटचा पूलही ते तसेच ओलांडून गेले. आता त्यांच्याच पुलावर मी चुकीची परेड करू? फोटोसाठी?"

मी सांगतो म्हणालो. साहेबांच्या टेबलापुढे दोनदा उभा राहिलो आणि दुसरंच काहीतरी बोलून बाहेर आलो. मी कच्चा नोकर, आईचं औषध चालू, आणि साहेबांना फोटोचं फार वेड. आदल्या दिवशी सुभेदारांनी विचारलं, "सांगितलंत?" मी म्हणालो, "हो काका." ते माझ्याकडे पाहत राहिले, मग म्हणाले, "बरं."

उद्घाटनाला दोन्ही काठांवर माणूस मावत नव्हता. गिरण्यांतली पाळी सुटलेली माणसं, शाळांची पोरं, डोक्यावर टोपलं घेतलेल्या मालवी बाया. मंच पुलाच्या मधोमध, वर शामियाना, मंत्री, साहेब, फोटोवाला. मला तिथे उभं राहवेना. तुकडी येताना दिसताच मी घाईघाईने पुलाच्या पलीकडच्या टोकाला गेलो आणि खडीच्या ढिगाऱ्यामागे उभा राहिलो. इकडे रस्त्यावर कोणीच नव्हतं; सगळी गर्दी मंच दिसेल अशी खाली काठाला लागली होती.

पुढे बँड, मागे सुभेदार, त्यांच्या मागे माजी सैनिक. जुने कोट, कोणाची बटणं बदललेली, पण छातीवर पदकं, आणि पावलं अशी की इकडे जमिनीतून ती मला कळत होती. पूल सुरू व्हायच्या जागी सुभेदारांनी छडी वर केली. बँड थांबला. एक सनईवाला तेवढा तंद्रीत आणखी थोडा वाजवत राहिला. मग त्यांचा आवाज आला, मोठा नाही, पण स्वच्छ:

"ब्रेक स्टेप!"

आणि ती सगळी माणसं, जणू सराफ्यात फिरायला निघावीत तशी, आपापल्या पावलाने पुलावर चालत आली. मंचापुढून सुभेदार एकटे सलाम करत गेले. मंत्र्यांचा हात अर्धा वर होता तो तसाच राहिला. काठावरून पहिल्यांदा एक पोरगा हसला, मग सगळा काठ. "अरे भिया, ये तो बारात है!" साहेब काहीतरी ओरडले. मंत्री मंचावरून उतरले, शामियान्यातले सगळे त्यांच्यामागे शहराच्या बाजूला मोटारींकडे वळले, आणि दोन्ही काठांची गर्दी खाली नदीकडच्या मिठाईच्या मंडपांकडे लोटली.

म्हणून पुढचं कोणी पाहिलं नाही. मी पाहिलं. शेवटचा माणूस पुलावरून उतरला तेव्हा सुभेदार मागे न वळता म्हणाले, "स्टेप!" आणि एकदा पाऊल पडलं. एकच. इतक्या माणसांचं एक पाऊल. त्या रिकाम्या रस्त्यावर, समोर ना मंत्री ना माणूस, ती तुकडी एकाच लयीत वळणापर्यंत गेली. माझ्या बाजूने जाताना सुभेदारांची नजर माझ्यावर पडली. त्यांनी हुकूम दिला, "दाहिने देख!" आणि सगळ्यांच्या माना खडीच्या ढिगाकडे वळल्या. त्या दिवसाची मानवंदना मंत्र्यांना नाही, मला मिळाली. मी काय करावं हे न कळून हात जोडले.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात 'माजी सैनिकांची फजिती' आली. कोणी कुजबुजलं की ही संस्थानची माणसं, नव्या सरकारचा मुद्दाम अपमान केला. सुभेदारांना कचेरीत बोलावणं आलं. मी नकाशे घेऊन साहेबांच्या बाजूला उभा होतो.

"सुभेदारसाब, ये क्या तमाशा था?"

"ब्रेक स्टेप था, साब. पुल पर यही कायदा है."

"कायदा था तो पहले बताते! मंच हटवा देते. किसी को बताया था?"

खोलीत पंखा फिरत होता. सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं नाही. एवढंही पाहिलं नाही की साहेबांना शंका यावी.

"नहीं साब. ध्यान से उतर गया."

"ध्यान से उतर गया, और अब कायदा याद आया! परेड बिगड़ गई और आप बहाना बना रहे हैं."

"बिगड़ी नहीं साब. उस तरफ जाकर मिल गई थी."

"किसने देखा?"

आता तरी ते माझं नाव घेतील असं मला वाटलं. घ्यावं असंही वाटलं. म्हणजे मला बोलावं लागलं नसतं.

"मेरे आदमियों ने देखा, साब," ते म्हणाले, आणि सलाम करून बाहेर गेले.

मी जिन्यावर त्यांना गाठलं. काय बोललो आठवत नाही. रडत होतो बहुतेक. त्यांनी खिशातून रुमाल काढून दिला. "पुसा. कचेरीत लोक बघतायत. हे बघा वामनराव, हुकूम मी दिला, उत्तर मी देणार. त्यात तुम्ही कुठे आलात? जा, नकाशे साहेबांकडे द्या."

त्याची किंमत त्यांनी मोजली. शाळेने ड्रिलला दुसरा माणूस नेमला. ज्याची तुकडी मंत्र्यांपुढे विस्कटते त्याच्याकडे मुलं कशी सोपवायची? पंधरा ऑगस्टला माजी सैनिकांच्या पुढे त्यांच्याऐवजी एक जमादार चालले. सुभेदार रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहत होते. ज्या माणसाने आयुष्यभर पावलं जुळवली त्याला गावात आता पावलं न जुळणारा म्हणून ओळखत. त्यांचे सैनिक संतापले होते, वर्तमानपत्रवाल्याकडे जाऊ म्हणत होते. त्यांना ते म्हणाले, "जाऊन काय सांगणार? की आम्हाला चालता येतं?" कन्हैयाच्या दुकानात पोहे खायला गेले की कोणीतरी छेडायचंच. "क्यों सुभेदारसाब, कदम गड़बड़ा गए थे?"

"नहीं भिया, घूमने निकले थे. हवा अच्छी थी." आणि कन्हैयाला, "शेव जास्त टाक."

मी काकूंसमोर जायला लाजत होतो. एकदा त्यांनीच हाक मारून मला आत बसवलं, पुढ्यात थालीपीठ ठेवलं. "वामन, एक सांगू? तू साहेबाला बोलला नाहीस, ते ह्यांना आदल्या दिवशीच कळलं होतं. तुझ्या तोंडावर दिसत होतं म्हणे. संध्याकाळी सगळ्यांना अंगणात बोलावून सांगून ठेवलं, मंच मधे असला तरी ब्रेक स्टेप. म्हणून तर कोणी गडबडलं नाही."

"मग मला बोलले का नाहीत काकू?"

"मी पण तेच म्हटलं. म्हणे, पोरगा घाबरलाय, आणखी कशाला घाबरवू."

मी कायम झालो. आईचं औषध कधी चुकलं नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा याद्यांना वडिलांच्या जागी सुभेदार बसले, आणि वरातीत घोडा बुजला तेव्हा लगाम धरून मांडवापर्यंत त्यांनीच आणला. या कुठल्याच दिवशी त्यांच्या वागण्यात मला टोचेल असं काही नव्हतं. मी वाट पाहायचो. एखादा टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. माझ्या नोकरीचा, संसाराचा, मुलांच्या शिक्षणाचा पाया त्या कचेरीतल्या 'नहीं साब' वर आहे, हे मी बायकोलाही फार उशिरा सांगितलं. मुलांना आज, हे लिहून.

मग मध्यभारत संपून नवं राज्य झालं, कचेऱ्या भोपाळला हलल्या, माझी बदली झाली. सामान बांधून झालं होतं. सकाळी भाजी आणायला मी सुभेदारांबरोबर निघालो. निरोप कसा घ्यावा ते सुचत नव्हतं, म्हणून नुसताच बरोबर चाललो होतो. भाजी घेऊन झाल्यावर पाय पुलाकडे वळले, तर तिथे माणसं बाजूला केली जात होती. महूच्या छावणीतली एक पलटण कुठल्याशा कार्यक्रमाला निघाली होती. तरुण पोरं, नवे कपडे, पुढे त्यांच्याच वयाचा अधिकारी. पूल आला. अधिकारी ओरडला आणि सगळ्या पलटणीची पावलं सुटी झाली.

आमच्या शेजारी उभा असलेला एक हमाल मोठ्याने म्हणाला, "लो! इनके भी पैर नहीं मिलते! पुल ही खराब है ये!"

लोक हसले. आणि सुभेदार हसले. इतकी वर्षं मी त्यांना इतक्या जोराने हसताना ऐकलं नव्हतं; डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, हमालाच्या पाठीवर थाप मारली. मला वाटलं, आता सांगावं. या सगळ्यांना ओरडून सांगावं. मी तोंड उघडलंही. पण त्यांनी भाजीची पिशवी माझ्या हातात कोंबली. "धरा. पलीकडे जायला पाहिजे." आणि साठीकडे झुकलेला तो माणूस कठड्याच्या कडेकडेने, गर्दीतून वाट काढत, पलटणीच्या बरोबरीने पुलावरून जवळजवळ धावत निघाला.

मी पोचलो तेव्हा ते पुलाच्या टोकाला, रस्त्याच्या कडेला, टाचा जुळवून उभे होते. शेवटचा शिपाई उतरला, हुकूम झाला, आणि पावलं एकदम पडली. सुभेदारांनी मान किंचित कलती केली होती, गवई पेटीचा सूर ऐकतो तशी. पलटण वळणाआड गेली तरी ते तसेच होते. मग त्यांनी माझ्याकडून पिशवी घेतली, कोथिंबीर चेपली नाही ना ते पाहिलं.

"चांगली पोरं आहेत," ते म्हणाले. "तिसऱ्या रांगेत एक जण झोपलाय, पण होईल." आणि भोपाळला पोचल्यावर पत्र टाका एवढं सांगून ते पुन्हा पुलावर चढले, घराकडे, सकाळच्या पाळीला निघालेल्या माणसांच्या उलट दिशेने, हळूहळू, आपल्या पावलाने.